नव्या पाळकासाठी: पहिल्या वर्षात मन सांभाळायची व्यवस्था

सेमिनरीत, म्हणजे चर्चचे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, इब्री आणि ग्रीक शिकवतात, प्रवचनाचे मुद्दे कसे काढायचे तेही शिकवतात. पण एका आठवड्यात तीन मयती झाल्या, शनिवारी लग्न लावायचं आहे आणि मधल्या रात्री कमिटीच्या मीटिंगमध्ये मंडळीतले दोन वडील (एल्डर) एकमेकांच्या अंगावर धावून गेले, तर घरी येऊन काय करायचं याचा पेपर कुठेच नसतो. हा लेख त्यासाठी आहे. पहिली नेमणूक मिळालेले पाळक, खेड्यावर पाठवलेले सुवार्तिक (धर्मप्रचारक), मिशनच्या वसतिगृहात किंवा दवाखान्यात नुकतेच सेवेला लागलेले तरुण-तरुणी यांना डोळ्यांपुढे ठेवून तो लिहिला आहे. कॅथलिक फादर-सिस्टरांची घडी वेगळी असते. त्यांनी आपल्याला लागू पडेल तेवढं घ्यावं.

माझं मुख्य म्हणणं असं की मनाची काळजी मन थकल्यावर घेऊन फारसं साधत नाही. तिची व्यवस्था पहिल्या सहा महिन्यांतच लावायची असते, कारण त्या काळात तुम्ही जसे वागाल तशी मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, तुमची सवय लागते. रात्री साडेअकराला फोन उचलणारा पाळक असं एकदा नाव झालं की पुढे फोन न उचलणं हा अपराध ठरतो. मर्यादा सुरुवातीलाच सांगितल्या तर चार दिवस कुरकुर होते आणि मग लोकांच्या ते अंगवळणी पडतं.

पायरी १: काम कागदावर आणा

रुजू झाल्यावर महिन्याभरात सेक्रेटरी, ट्रेझरर आणि एक-दोन वडील यांच्याबरोबर बसा. चहा होऊ द्या आणि मग वही काढा. उपासना किती? जोडलेली खेडी किती आणि तिथे महिन्यातून किती वेळा जायचं? संडेस्कूल कोणाकडे? बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदवह्या कोण लिहिणार? चर्चच्या जागेचा दावा कोर्टात असेल तर तारखेला कोण जाणार? हा शेवटचा प्रश्न आवर्जून विचारा. नवा पाळक म्हणजे कोर्टात जायला मोकळा माणूस, असं पुष्कळ ठिकाणी गृहीत धरलेलं असतं. जमिनीच्या भांडणात माणूस जितका सुकतो तितका कबरस्तानातही सुकत नाही.

यादी झाली की प्रत्येक कामापुढे नाव लिहा. निम्म्याहून जास्त नावं तुमचीच निघाली तर तिथेच थांबा आणि बायबलमधल्या निर्गमाचा अठरावा अध्याय काढा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसलेला पाहून त्याचा सासरा इथ्रो त्याला म्हणतो की हे काही बरं नाही, तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. सासऱ्याने कामात खोट काढली आणि जावयाने ती मुकाट्याने ऐकली, ही घटना आपल्याकडे तशी दुर्मिळच. कमिटीपुढे हा दाखला चालतो. आळशीपणाचा आरोप करायला आलेला माणूस शास्त्रवचनापुढे जरा नरमतो.

मग कोणीतरी पंडिता रमाबाईंचं नाव काढेल. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातल्या शेकडो मुलींना आसरा दिला, त्या कधी दमल्या का, वगैरे. आदराने मान हलवा आणि पुढचं सांगा: मुक्तीमध्ये शेती होती, छापखाना होता, विणकाम होतं, आणि प्रत्येक खात्यावर कोणीतरी नेमलेलं होतं. बाईंनी आसरा दिलेल्या मुलींपैकीच पुढे कित्येकजणी कामाच्या मुकादम झाल्या. हे सगळं एकट्या बाईंनी केलं, ही समजूत आपण नंतर करून घेतली.

पायरी २: सुट्टीचा वार ठरवा आणि तो जाहीर करा

पाळकाची सुट्टी सोमवारी, असा सर्वसाधारण समज आहे. माझं मत थोडं वेगळं आहे. रविवारी दोन-तीन उपासना झाल्यावर सोमवारी माणूस नुसता पडून असतो. शिवाय सोमवारी बँक उघडी, तहसील उघडं, त्यामुळे "पाळकसाहेब, एक सहीच हवी होती" म्हणत ट्रेझरर दारात हजर. अशा दिवसाला सुट्टी म्हणता येत नाही. सोमवार हलक्या कामांना ठेवा: नोंदवह्या, बिलं, किरकोळ पत्रं. सुट्टी घ्या बुधवारी किंवा गुरुवारी.

त्यात घराची अडचण येते. पत्नी शाळेत शिक्षिका असेल किंवा पती नोकरीला असेल, तर त्यांची सुट्टी शनिवार-रविवारी आणि तुमची मधल्या वारी, म्हणजे एका घरात राहून दोघांची गाठ पडत नाही. यावर उपाय एकच सापडला आहे: प्रवचन शुक्रवारी रात्रीपर्यंत संपवायचं आणि शनिवारी दुपारी चारपर्यंतचा वेळ घराला द्यायचा. शनिवारी रात्री बारा वाजता प्रवचन लिहिणाऱ्यांची आपल्यात मोठी बिरादरी आहे. त्या सवयीने रविवारची झोप जाते आणि सोमवारची चिडचिड वाढते, बाकी काही हाती लागत नाही.

वार ठरला की कमिटीच्या इतिवृत्तात लिहून घ्या आणि रविवारच्या सूचनांमध्ये वाचून दाखवा. त्या दिवशी कोणाला फोन करायचा, त्या वडिलांचं नावही सांगा.

वर्षाचं कॅलेंडरही असंच आधी बघा. कापणीच्या सणापासून जो पट्टा सुरू होतो, त्यात आगमनकाळ, कॅरलच्या फेऱ्या, संडेस्कूलचं नाताळ नाटक, पंचवीस तारीख आणि एकतीसची मध्यरात्रीची उपासना, असं सगळं लागोपाठ येतं. तो पट्टा चुकवता येत नाही. म्हणून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली रजा सप्टेंबरमध्येच मंजूर करून ठेवा. इस्टरनंतरही तसंच: उपवासाचे चाळीस दिवस, पवित्र आठवडा, उत्तम शुक्रवारचे (गुड फ्रायडेचे) ख्रिस्ताचे सात उद्गार आणि पहाटेची उपासना झाल्यावर निदान तीन दिवस गाव सोडा. नाताळानंतर बरेच पाळक जानेवारीत आजारी पडतात आणि त्याचा दोष थंडीला देतात.

पायरी ३: फोन

चार गोष्टींसाठी फोन कोणत्याही वेळी उचलायचा: मरण, अपघात, कोणी अचानक दवाखान्यात दाखल होणं, आणि कोणी स्वतःच्या जिवाचं काही करून घेईल अशी भीती. बाकी सगळं सकाळी. ही यादी जशीच्या तशी लोकांना सांगा. बहुतेक लोक समंजस असतात. त्यांना नियम माहीत नसतो म्हणून ते रात्री फोन करतात.

मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन तुम्ही होऊ नका. तरुण संघातल्या कोणाला तरी करा. ग्रुपवर वाद पेटला की तुमचं एक वाक्य कोणत्या तरी पक्षाला जाऊन चिकटतं आणि त्याचा स्क्रीनशॉट डायसिसच्या, म्हणजे बिशपसाहेबांच्या, ऑफिसपर्यंत पोचतो. आणि त्या लांबलचक व्हॉइस नोट्स. रात्री दहाला आलेली सहा मिनिटांची नोट झोपण्याआधी ऐकू नका. पहिली चार मिनिटं प्रभूची स्तुती असते आणि मूळ तक्रार शेवटच्या दोन मिनिटांत निघते. ती ऐकून झोप लागत नाही, आणि रात्री काही करताही येत नाही.

पायरी ४: मातीचे दिवस

इथे थोडं थांबावं लागेल, कारण नवीन पाळकाला सगळ्यात जास्त हलवून जातं ते हेच आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

एक साधी मयत घ्या. पहाटे फोन येतो. तुम्ही सिव्हिलला पोचता, शवागाराबाहेरच्या बाकावर घरच्यांबरोबर बसता. कागद होईपर्यंत पेटीवाल्याला उंचीचं माप कळवायचं असतं, कबर खोदणाऱ्याला गाठायचं असतं. पावसाळा असेल तर खड्ड्यात पाणी साचतं आणि बादल्यांनी उपसावं लागतं. मुलगा दुबईहून निघालेला असतो, त्याच्यासाठी थांबायचं की नाही यावर भाऊबंदांत वाद. निर्णय शेवटी तुमच्यावर. मग घरी प्रार्थना, चर्चमध्ये उपासना, कबरस्तानात मूठ-मूठ माती. सगळे पांगल्यावर विधवा तुमचा हात धरून विचारते, "साहेब, यांनाच का?" तुम्ही घरी येता, शर्ट बदलता, आणि साडेसातला दुसऱ्या घरी पहिल्या वाढदिवसाची प्रार्थना असते. केक कापायचा असतो, हसायचं असतं.

हा पालटच माणसाला आतून कोरडं करतो. एकदा-दोनदा जमून जातं. पुढे पुढे हसू आणि रडू दोन्ही वरवरचं होतं आणि एक दिवस कबरीच्या काठावर उभं राहून तुमच्या मनात येतं की हे आटोपलं की जेवायला मिळेल. असं मनात आलं म्हणून स्वतःला दुष्ट समजू नका. दुसऱ्यांचं दुःख सतत वाहणाऱ्या माणसाचं मन स्वतःला असं बधिर करून घेतं. नर्स, पोलीस, शववाहिकेचे ड्रायव्हर, सगळ्यांना हे ठाऊक असतं.

काय करायचं? मातीच्या दिवशी संध्याकाळचा आनंदाचा कार्यक्रम घेऊ नका. वाढदिवसाची प्रार्थना वडील करू शकतात, महिला मंडळाच्या अध्यक्षा करू शकतात. कबरस्तानातून थेट घरात शिरू नका. बाहेरच कुठेतरी अर्धा तास एकटे बसा किंवा पायी या. मग अंघोळ आणि पोटभर जेवण. जेवण टाळू नका, कारण दिवसभर तुम्ही फक्त चहावर असता. रात्री एका माणसाला सांगा की आज काय पाहिलं. धीर कसा दिला हे सांगायची गरज नाही, पाहिलं ते सांगा. लहान मूल, आत्महत्या किंवा अपघात असेल तर हे सांगणं अजिबात टाळू नका.

एक लहान वही ठेवा. ज्यांना तुम्ही माती दिली त्यांची नावं तारखेसह तिच्यात लिहा आणि महिन्यातून एकदा वाचून प्रार्थना करा. ही वही मी नव्या पाळकांना हटकून सांगतो. नावं कागदावर उतरली की रात्री डोळ्यांपुढे येणं कमी होतं, आणि वर्षाच्या शेवटी आपण का थकलो आहोत हेही त्या यादीतून कळतं. कबरीपाशी रडू आलं तर येऊ द्या. पाळक रडला म्हणून कोणाचा विश्वास डळमळलेला माझ्या ऐकिवात नाही. मात्र एखादं दृश्य महिनाभर झोपेत येत राहिलं, त्या रस्त्याने जाणं तुम्ही टाळू लागलात, तर डॉक्टरांकडे जायला हवं.

पायरी ५: लोकांची गुपितं

महिन्याभरात लोक मन मोकळं करू लागतात. नवरा पितो, सासू छळते, मुलगी दुसऱ्या समाजातल्या मुलाबरोबर जाते आहे, भावाने घर बळकावलं. हे ऐकणं सेवेचाच भाग आहे, पण त्याला कुंपण हवं. भेट एका तासाची. दार उघडं किंवा काचेचं, आणि आवारात आणखी कोणीतरी असावं. एकाच प्रश्नावर तीन भेटी झाल्या आणि काहीच हललं नाही, तर समुपदेशकाकडे, वकिलाकडे किंवा डॉक्टरकडे पाठवायचं. पाठवलं म्हणजे हात झटकले असं नसतं. तीन भेटींनंतर तुम्ही बहुतेक वेळा त्यांच्या दुःखाचे साक्षीदार तेवढे उरता आणि तेच दुःख घेऊन घरी येता.

"कोणाला सांगणार नाही" असं वचन ऐकण्याआधी कधीच देऊ नका. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि कळवलं नाही तर तो गुन्हा आहे. चाइल्डलाइनचा नंबर १०९८. सुरुवातीलाच सांगा: "तुमची गोष्ट माझ्यापाशी राहील, मात्र कोणाच्या जिवाला किंवा लेकराला धोका असेल तर मला योग्य ठिकाणी बोलावं लागेल." एवढं आधी बोलून ठेवलं की नंतर रात्र-रात्र घालमेल होत नाही.

पायरी ६: तुमची स्वतःची माणसं

तीन माणसं शोधा. पहिलं, सेवेत मुरलेलं ज्येष्ठ माणूस, जे तुमच्या बदलीचा निर्णय घेत नाही. बिशपसाहेब कितीही प्रेमळ असले तरी तुमची नेमणूक त्यांच्या हातात आहे. त्यांच्यापुढे तुम्ही पूर्ण खरं बोलणार नाही, आणि बोलूही नये. निवृत्त पाळक यासाठी उत्तम. त्यांना वेळ असतो, आणि त्यांच्याकडे कोणी येत नाही याचं त्यांना वाईटही वाटत असतं.

दुसरं, तुमच्याच वयाचं, दुसऱ्या गावात किंवा दुसऱ्या पंथात सेवा करणारं. तालुक्यातले सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे), मेथॉडिस्ट, साल्व्हेशन आर्मीचे, स्वतंत्र मंडळ्यांचे असे चार-पाच जण महिन्यातून एकदा जेवायला बसले तरी खूप होतं. अजेंडा ठेवू नका. अजेंडा आला की त्याची कमिटी होते.

तिसरं माणूस असं की ज्याच्यासाठी तुम्ही "पाळकसाहेब" नसाल. शाळेतला मित्र, क्रिकेटची टीम, शेजारचा दुकानदार, कोणीही. सगळे जर तुम्हाला साहेबच म्हणत असतील, तर आपण कोण आहोत हे हळूहळू आपल्यालाच आठवत नाही.

आणखी एक गोष्ट, छोटी पण कामाची: महिन्यातून एकदा दुसऱ्या चर्चच्या संध्याकाळच्या उपासनेला जाऊन शेवटच्या बाकावर बसा. सूचना तुमच्या नाहीत, माइक तुमचा नाही, अर्पणाची थाळी मोजायची नाही. प्रवचन कंटाळवाणं असलं तरी चालेल. स्वतःच्या भक्तीसाठी वाचताना त्यातून प्रवचनाचे मुद्दे निघू लागले की वही मिटा. स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचा; ते अंधारातच संपतं, आणि तरीही ते शास्त्रात आहे. "आशीर्वादित आहे, भाऊ" हे उत्तर देऊन देऊन ज्याचा घसा बसला आहे, त्याला हे स्तोत्र फार उपयोगी पडतं.

पायरी ७: घर, बंगला आणि पैसा

पाळकाचा बंगला चर्चच्या आवारात असतो, म्हणजे खिडकीतून वाळत घातलेले कपडेही मंडळीला दिसतात. "बाई आज उपासनेला दिसल्या नाहीत" हे वाक्य तुम्ही लवकरच ऐकाल. पत्नीने महिला मंडळ चालवावं, संडेस्कूल घ्यावं, येईल त्याला चहा करावा, हे पगाराशिवायचं काम गृहीत धरलेलं असतं. पहिल्याच मीटिंगमध्ये सांगा की नेमणूक तुमची झाली आहे. त्या काय करतील ते त्या ठरवतील. हे तुम्ही बोला, त्यांना बोलायला लावू नका. पाळक बाई असेल तर उलट्या गंमती होतात: नवऱ्याने काय करावं हे कोणालाच कळत नाही आणि घरचं सगळं मात्र तिनेच करावं हे सगळ्यांना कळतं.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या उदार स्वभावाचं आपण कौतुक करतो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलेलं वाचलं की त्या उदारपणाच्या मागची चूल दिसते, आणि ती कोण सांभाळत होतं तेही दिसतं. घरात आणलेल्या प्रत्येक पाहुण्याची किंमत कोणीतरी मोजतं. आणण्याआधी विचारा.

मुलांची उदाहरणं प्रवचनात देऊ नका. चांगलीसुद्धा नकोत.

पैशाची काळजी ही मनाच्या दुखण्याची पुष्कळदा खरी मुळी असते आणि तिला आपण "आत्मिक कोरडेपणा" असं भारदस्त नाव देतो. लहान मंडळ्यांत पगार दोन-दोन महिने रखडतो. स्वतंत्र सुवार्तिकाचा तर महिना अर्पणावर चालतो. म्हणून काही कोरडे नियम. चर्चची रोकड रात्री घरी ठेवायची नाही. स्वतःच्या खात्यावर चर्चचं अर्पण घ्यायचं नाही, यूपीआयनेही नाही. कोणाला उसने द्यायचे नाहीत. द्यायचे तर परत न येणारे समजून, झेपतील तेवढेच द्या. प्रॉव्हिडंट फंड खरोखर भरला जातो का हे दरवर्षी तपासा. बंगला निवृत्तीच्या दिवशी सोडावा लागतो, आणि साठाव्या वर्षी भाड्याची खोली शोधणारे पाळक सगळ्यांनी पाहिले आहेत. बचत लहान असली तरी पहिल्या पगारापासून सुरू करा. आरोग्य विमा घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विम्याचं संरक्षण द्यायला सांगितलं आहे, तेव्हा पॉलिसी घेताना ते विचारून घ्या.

पायरी ८: तक्रारी, निनावी पत्रं

कमिटीच्या निवडणुकीचं वर्ष असलं की पत्रं निघतात. निनावी पत्राबद्दल आजच ठरवा: वाचणार नाही, कोणी लिहिलं याचा तपास करणार नाही. तपास सुरू केला की अक्षराची वळणं ताडता ताडता तुम्ही रविवारी समोरच्या प्रत्येक चेहऱ्याकडे संशयाने बघू लागता. सहीच्या तक्रारीला उत्तर द्यायचं, पण लिहिल्यावर एक रात्र टेबलाच्या खणात ठेवून. आणि प्रवचनपीठावरून उत्तर कधीच द्यायचं नाही. ज्याला टोमणा मारता त्याला तो कळत नाही, आणि उरलेल्या दीडशे लोकांना वाटतं तो आपल्यालाच होता.

गावातल्या प्रार्थनासभेवरून बाहेरच्या लोकांनी तक्रार केली, पोलीस आले, दमदाटी झाली, अशी वेळ काही सुवार्तिकांवर येते. एका वकिलाचा आणि वरिष्ठांचा नंबर आधीपासून जवळ असू द्या. एकट्याने जाऊ नका. ते मिटल्यावर लगेच "प्रभूने विजय दिला" अशी साक्ष द्यायला उभे राहू नका. दाराची कडी वाजली की छातीत धडधडणं पुढे कित्येक दिवस राहतं. आधी ते कोणाला तरी सांगा, साक्ष नंतर द्या.

पायरी ९: थकवा कुठला आणि आजार कुठला

सुट्टी घेतल्यावर उतरतो तो थकवा. कामामुळे येणाऱ्या पुऱ्या थकव्याला मानसशास्त्रात बर्नआउट म्हणतात. त्याची तीन लक्षणं सांगितली जातात: सत्त्व संपल्यासारखं वाटणं, ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याबद्दल तुसडेपणा येणं, आणि आपल्या हातून काहीच होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तो कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदवला; त्याला आजार म्हटलेलं नाही. पाळकात तो कसा ओळखायचा? दारात बेल वाजली की पहिली प्रतिक्रिया शिवीची असते, जरी ती तोंडातून बाहेर पडली नाही तरी. आजारी माणसाला भेटायला जाताना तो झोपलेला असेल तर बरं, असं वाटतं. असं सुरू झालं की वर सांगितलेली व्यवस्था कुठे उसवली आहे ते बघा आणि रजा घ्या.

नैराश्य मात्र आजार आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास, कशातच गोडी नाही, झोप आणि भूक बिघडलेली, लक्ष लागत नाही, आपण नालायक आहोत असं वाटतं, मरणाचे विचार येतात, यातलं बरंचसं असेल तर डॉक्टरकडे जा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ यांची तपासणीही सांगतील, कारण त्यातल्या कमतरता अशाच दिसतात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मध्येच स्वतःच्या मनाने बंद करू नका. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला आपण अविश्वासी म्हणत नाही, तेव्हा इथेही म्हणू नये. उपास-प्रार्थनेला माझा विरोध नाही, पण जेवण आधीच सुटलेल्या माणसाला आणखी उपास सांगणाऱ्यांना जरूर आहे.

गावात चर्चा होईल अशी भीती असते आणि ती खोटी नाही. मग शेजारच्या जिल्ह्यात जा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते; येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि तिथे दाखल न होताही दाखवता येतं. घरबसल्या बोलायचं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर आजच फोन करा, आणि घरातल्या एका माणसाला सांगा. रविवारची उपासना दुसरं कोणीही घेईल. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला अतिशय मानसिक ताण होता असंच धरून चालायचं, असं २०१७ चा कायदा सांगतो. तेव्हा पोलिसांच्या भीतीने कोणी दवाखाना टाळू नये, हे मंडळीतल्या लोकांनाही सांगा.

पायरी १०: वर्षातून एकदा तपासणी

मोशेकडे परत एकदा बघण्यासारखं आहे. इथ्रोचा सल्ला त्याने मानला होता, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर माणसं नेमली होती. तरी गणनाच्या अकराव्या अध्यायात तोच मोशे देवाला म्हणतो की हे सगळे लोक मला एकट्याला वाहवत नाहीत, त्यापेक्षा मला मारूनच टाक. मग सत्तर वडील नेमले जातात. एकदा लावलेली घडी पुन्हा विस्कटते, चांगल्या माणसाचीही विस्कटते. सुट्टीचा वार दुसऱ्या वर्षी कधी हातातून गेला ते कळतही नाही.

म्हणून रुजू झाल्याच्या तारखेच्या आसपास अर्धा दिवस काढा. पायरी एकची ती कामांची यादी पुन्हा काढा आणि नावं तपासा. गेल्या तीन महिन्यांत सुट्टीचे किती वार खरोखर मिळाले ते मोजा. मातीची वही चाळा. ज्येष्ठ माणसाला शेवटचं कधी भेटलात ते आठवा. मग घरच्यांना विचारा, मुलांनाही, की तुम्ही घरात कसे वागता आहात. तुमचं उत्तर आणि त्यांचं उत्तर जुळलं नाही तर त्यांचं धरा. बदली मागायची वेळ आली आहे असं या तपासणीत दिसलं, तर अर्ज शाळांचं वर्ष संपायच्या बराच आधी द्या आणि कारण एका ओळीत लिहा. कमिटीतल्या कोणाचंही नाव त्यात घेऊ नका; तो कागद फाइलमध्ये राहतो आणि पुढच्या पाळकाला वाचायला मिळतो.